जे कळत नाही ते सोडून दे

"पण बुवा, एकसुद्धा चूक आली नसेल, तर तुम्ही मान कशाला हलवताय?"

सौमित्रने लॅपटॉप पुढे सरकवला. निरंजनबुवांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा चवळीच्या शेंगा मोडायला लागले.

"मान हलली का माझी?"

"हलली."

"वय झालं..." बुवा म्हणाले.

तांबळवाडीच्या खाडीवर जो उघडा कातळ आहे, त्यावर बुवांचा मठ. मठ म्हणजे काय, तर कौलारू पडवी, एक तुळस, एक समाधी आणि इंटरनेट. बुवा कीर्तन करतात. त्याआधी बरीच वर्षं ते कंप्यूटरचे प्रोग्राम लिहायचे, आणि ते इतके देखणे लिहायचे म्हणतात, की मोठमोठ्या कंपन्यांतली माणसं अजून अडलं की फोन करतात. बुवा आरती झाल्यावर उत्तर देतात. ते काम सोडलंत का, असं कुणीतरी विचारलं होतं. बुवा म्हणाले, "सोडलं कुठे? आता सोवळ्यात करतो."

अशा माणसाकडे पोरं शिकायला येणारच. सौमित्र वेलणकर पुण्याहून सुट्ट्या काढून यायचा. सकाळी गाणं, दुपारी प्रोग्राम. दोन्हींत हुशार होता, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज पडत नव्हती.

"बघा तरी," तो म्हणाला. "अक्कांची सगळी गाणी. जुन्या मशीनची डिस्क काढली, वायरीने लॅपटॉपला जोडली, आणि ही एवढीशी स्क्रिप्ट चालवली. फाइल उघड, वाच, लॅपटॉपवर नव्याने लिही. चहा गार व्हायच्या आत काम फत्ते."

"वा!"

"डिस्क परत मशीनच्या खोक्यात घातली आणि ते धूड भंगारात दिलं. इब्राहिमभाईंचा टेम्पो अंगणात उभा आहे. अडगळ गेली एकदाची."

"वा," बुवा पुन्हा म्हणाले, पण जरा हळू.

अक्का म्हणजे द्वारकाअक्का. शाळेत मास्तरीण होत्या. तरुणपणी शनिवार-रविवार किनाऱ्याने हिंडायच्या. तेव्हा तिकडे रापण ओढायला बायकाही असत. समुद्रात लांबवर सोडलेलं ते जाळं दोरांनी किनाऱ्यावर ओढून आणायचं, आणि ओढता ओढता गायचं. ती गाणी अक्कांनी ऐकून ऐकून उतरवून घेतली. पुढे मठात पहिला कंप्यूटर आला, तेव्हा त्यांनी एका बोटाने सगळी त्यात टाइप केली.

उतरवलेले कागद वाळवीने खाल्ले. गाणाऱ्या बायका गेल्या. अक्कांचे डोळेही आता गेले होते. उजेड आणि सावली, एवढंच कळायचं. त्यांची एकच इच्छा उरली होती. ती सगळी गाणी एकदा कुणीतरी वाचून दाखवावीत.

सौमित्रने कबूल केलं होतं. मनापासून केलं होतं, हे सांगायला पाहिजे. पोरगा गर्विष्ठ होता, पण कोरडा नव्हता.

"हे आकडे कुठल्या तक्त्याने वाचायचे, ते यात कुठे लिहिलंयस?" बुवांनी शेंग मोडता मोडता विचारलं.

प्रश्न साधा होता. कंप्यूटरला अक्षर कळत नाही, आकडे कळतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याचा एक तक्ता असतो. आज जवळजवळ सगळीकडे एकच तक्ता चालतो. पूर्वी ज्याचा त्याचा तक्ता असे. आणि साध्या फाइलीत नुसते आकडे असतात. त्या कुठल्या तक्त्याने लिहिल्यात, हे त्यांच्यावर लिहिलेलं नसतं.

"ते लिहावं लागत नाही, बुवा," सौमित्र हसला. "आपण सांगितलं नाही, तर मशीन आपलं आपण धरून चालतं."

"आपलं आपण?"

"त्याला ठाऊक असतं."

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. हात धोतराला पुसले.

"पेटी आण," ते म्हणाले.

"आत्ता?"

"सकाळचा तो अभंग छान लागला होता तुझा. पुन्हा ऐकायचाय."

गाणं म्हटलं की सौमित्र नाही म्हणत नसे. त्याने पेटी आणली, मांडी घातली, डोळे मिटले. बुवांनी भाता उघडला आणि सूर धरला.

सौमित्रने डोळे उघडले.

त्याची पट्टी काळी एक. बुवांनी धरली होती काळी पाच. ही बायकांची पट्टी, त्याच्या कितीतरी वर. हे त्याला पहिल्याच सुरात कळलं. पण थांबायचं कसं? बुवांपुढे आपलं काही अडतं हे दाखवायचं कसं? त्याने सुरुवात केली. पहिली ओळ कशीबशी निभावली. अंतऱ्याला वर चढायचं आलं आणि आवाज चरचरीत फाटला. तुळशीपाशी झोपलेलं कुत्रं उठून निघून गेलं.

बुवा वाजवतच राहिले.

"बुवा! पट्टी कुठली धरलीत?"

"का? काय झालं?"

"मला विचारायचं तरी! गाणाऱ्याला विचारल्याशिवाय कुणी सूर धरतं का?"

बुवांनी भाता मिटला.

"मी म्हटलं, पेटीला ठाऊक असेल."

...

सौमित्रचे कान लाल झाले. मग तो हसला. हसणं खरं होतं, पण हार मानणारं नव्हतं.

"कळलं तुम्ही काय म्हणताय ते. पण हे वेगळं आहे, बुवा. माझा आवाज फाटला, तो सगळ्यांना ऐकू आला. तसं इथे फाटलं असतं, तर स्क्रिप्टने तिथल्या तिथे बोंब मारली असती."

"मारली नाही?"

"सुरुवातीला मारत होती. जुनी फाइल आली की थांबायची. म्हणे, हे मला वाचता येत नाही. नुसता वैताग! मग मी ही एक ओळ घातली, आणि एकदम सरळ झाली."

"काय सांगते ही ओळ?"

"जे कळत नाही ते सोडून दे, आणि पुढे जा."

बुवांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"चांगली आहे," ते म्हणाले. "संसारात उपयोगी पडेल... नव्या फाइली उघडून पाहिल्यास?"

"पाहिल्या की. त्याच डिस्कवरची तुमची गेल्या वर्षीची प्रवचनं उघडून पाहिली. एक काना इकडचा तिकडे नाही."

"आणि अक्कांची गाणी?"

"प्रवचनं बरोबर आली म्हणजे ती येणारच ना."

पडवीच्या दुसऱ्या टोकाला अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. बुवांनी त्यांना हाक मारली.

"अक्का, इकडे या हो. सौमित्र गाणी वाचतोय."

अक्का ज्या लगबगीने उठल्या, ती बघवत नव्हती. भिंतीला हात लावत लावत आल्या, सौमित्रच्या शेजारी बसल्या आणि पदर सारखा केला. कुणी पाहुणा येणार असावा, तसा.

"पहिलं वाच हां," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. मध्येच कुठलं तरी नको."

सौमित्रने पहिली फाइल उघडली.

...

"वाच ना रे मेल्या. लाजतोस कशाला?"

...

"सौमित्र," बुवा म्हणाले, "त्या थांबल्यायत. काय दिसतंय ते वाच."

सौमित्र पडद्यावर वाकला.

"स्वल्पविराम," त्याने वाचलं.

"काय?"

"स्वल्पविराम... मग रिकामी जागा. मग स्वल्पविराम. मग पूर्णविराम."

अक्का आधी हसल्या. त्यांना वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. मग त्यांचं हसू थांबलं.

गाणं तिथे होतं. ओळींच्या जागी ओळी होत्या, कडव्यांच्या मध्ये मोकळी जागा होती, विरामचिन्हं जिथल्या तिथे होती. फक्त अक्षरं गेली होती. एकूण एक. मशीनने आजचाच तक्ता धरला होता; प्रवचनं त्यातलीच म्हणून नीट आली, गाणी जुन्या तक्त्यातली. मशीनला जे कळलं नाही, ते सांगितल्याप्रमाणे त्याने सोडून दिलं होतं, आणि अक्कांच्या गाण्यांत त्याला एकही अक्षर कळलं नव्हतं.

सौमित्रने दुसरी फाइल उघडली. तिसरी उघडली. मग उघडायचं बंद केलं.

"गेली का रे?" अक्कांनी विचारलं. शांतपणे विचारलं, तेच जास्त लागलं.

बाहेर टेम्पोच्या फाळक्याची साखळी वाजली.

सौमित्र उठला तो धावतच सुटला. चपला राहिल्या. दुपारचा कातळ तव्यासारखा तापलेला. त्यावरून तो अनवाणी धावला, टेम्पोवर चढला आणि गंजका पंखा, पत्र्याचा पिंप, फाटकी ताडपत्री यांच्याखालून ते खोकं ओढायला लागला.

"अरे अरे, दमानं!" इब्राहिमभाई चाकाच्या सावलीत बसले होते. "गाडी कुठं पळतेय का?"

"तुम्ही निघालात ना!"

"कसला निघतोय? बुवांनी सांगितलंय, चहा घेतल्याशिवाय हलायचं नाही. आणि हा बघ कप." त्यांनी कप उलटा करून दाखवला. "मघापासून रिकामाच हातात दिलाय. आत विचारलं, तर म्हणतात दूध यायचंय. साखळी वाजवून बघितली, म्हटलं ऐकून तरी चहा येईल."

सौमित्र खोकं पोटाशी धरून टेम्पोतच बसला. त्याने पडवीकडे पाहिलं. बुवा खाली मान घालून शेंगा मोडत होते.

तेव्हा त्याला रडू आलं, असं इब्राहिमभाई सांगतात. सौमित्र म्हणतो, घाम होता. मला इब्राहिमभाईंचं खरं वाटतं, आणि त्यात त्या पोराला कमीपणा आहे असं मुळीच वाटत नाही.

तो खोकं घेऊन परत आला. डिस्क काढली, वायर जोडली. लिहिलेल्या स्क्रिप्टमधली ती एक ओळ शोधली आणि खोडली. खोड म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं. स्क्रिप्ट चालवली. ती पहिल्याच फाइलीशी थांबली आणि म्हणाली, हे मला वाचता येत नाही.

या खेपेला तो वैतागला नाही. अक्कांकडे वळला.

"अक्का, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही ही गाणी टाइप केलीत, तेव्हा मशीनवर कुठली पद्धत होती? कुठला तक्ता होता?"

अक्कांचं तोंड जरासं हललं.

"इतके जण आले रे," त्या म्हणाल्या. "कुणी माझा फोटो काढला. कुणी शाल घातली. कुणी म्हणालं, मोठं काम केलंत. हे मला कुणीच विचारलं नव्हतं."

"मग कुठली होती?"

"मला कुठे ठाऊक? मी आपली बटणं दाबत होते."

बुवा हसले. सौमित्रही हसला. पण त्याने हात टेकले नाहीत.

"बरं. पहिलं गाणं कुठलं टाइप केलंत, ते आठवतं?"

"ते विसरेन होय? सांगू?"

"नको! सांगू नका." त्याने त्यांचा हात धरला. "मी वाचतो. तुम्ही फक्त ऐका. तुमचं नसेल तर नाही म्हणा."

मी तेव्हा पडवीतच बसलो होतो, आणि त्या वेळी मला त्या पोराचं फार कौतुक वाटलं. ज्याला कालपर्यंत सगळं ठाऊक होतं, तो डोळे गेलेल्या बाईला म्हणत होता, तुम्ही सांगाल ते बरोबर.

जुन्या मराठी तक्त्यांपैकी एकाचं नाव त्याने स्क्रिप्टमध्ये लिहिलं. धरून चालायला काही ठेवलं नाही. स्क्रिप्ट न थांबता पुढे गेली. पडद्यावर अक्षरं उमटली, सगळी देवनागरी, काळीभोर, ठसठशीत. एकही चूक आली नाही.

सौमित्रने वाचायला घेतलं. "झटुभृ णो खैगळी, ढाञ..."

"हे काय, भूत उतरवायचा मंत्र?" अक्का म्हणाल्या.

"तुमचं नाही?"

"माझं कसलं? माझ्या बायका असलं गातील?"

त्याने मान डोलावली, ते नाव पुसलं, दुसरं लिहिलं. पुन्हा अक्षरं उमटली. पुन्हा तितकीच ठसठशीत.

वाचायच्या आधी त्याने श्वास घेतला.

"ओढा गे बायांनो, जाळां ओढा..."

अक्का ताठ झाल्या.

"दर्यान दिल्यान तां..."

"पदरात जोडा!" अक्कांनी ओळ त्याच्या तोंडून काढूनच घेतली. आणि मग त्या म्हणतच सुटल्या. आवाज म्हातारा, पण ठेका असा पक्का, की हात आपोआप पुढेमागे व्हायला लागले. दोर हातात असावा तसे. दोन कडवी झाली आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही.

स्वयंपाकघरातून इब्राहिमभाईंचा चहा त्याच वेळी निघाला. दूध आलं असावं.

मग सौमित्र वाचत गेला. एकामागून एक. कधी अक्का सोबत म्हणायच्या, कधी नुसत्या ऐकायच्या, कधी मध्येच म्हणायच्या, "हे चंद्रभागा गायची. पायात कुरूप होतं तिच्या, पण दोर सोडायची नाही." एखादं गाणं त्यांनाही अजिबात आठवत नसे. तेव्हा त्या नव्याने ऐकल्यासारख्या ऐकायच्या. ऊन पडवीतून अंगणात उतरलं. शेंगा संपल्या, तरी बुवा सूप मांडीवर घेऊन बसून होते.

अशाच एका विसरलेल्या गाण्यात सौमित्र आला आणि थांबला.

डिस्क जुनी होती. एका ठिकाणी तिला कीड लागावी तसं झालं होतं. ओळीच्या मधोमध एक आकडा असा होता, की तो त्या तक्त्यात कुठे बसत नव्हता. स्क्रिप्ट तिथे उभी राहिली होती. पुढचं गाणं त्याच्या पलीकडे होतं.

"वाच ना," अक्का म्हणाल्या.

"अक्का, इथलं एक अक्षर मला कळत नाही."

"मला तरी कुठे आठवतंय? एकच अक्षर ना? सोड ते. पुढचं वाच."

सौमित्रची बोटं बटणांवर होती. स्क्रिप्टमधली ती खोडलेली ओळ पुन्हा घालायला त्याला किती वेळ लागणार होता? एवढी मोठी गाणी, त्यात एक अक्षर. आणि अक्का स्वतःच सोड म्हणत होत्या.

त्याने बोटं उचलली.

त्या जागेच्या अलीकडचा शब्द पाहिला. पलीकडचा पाहिला. ओठांतल्या ओठांत ओळ म्हणून पाहिली, मधली जागा रिकामी ठेवून. मग पुन्हा म्हणून पाहिली. पडद्याच्या इतका जवळ गेला, की त्याचं कपाळ टेकलं असतं...

पडवीत कुणी बोलत नव्हतं. खाली खाडीला भरती लागली होती, तिचा तेवढा आवाज येत होता.

बराच वेळ झाला. अक्कांना ती शांतता सोसवेना. त्यांनी अंदाजाने बुवांच्या दिशेला तोंड केलं.

"बुवा, हा गप्प का झाला हो? वाचेना का?"

बुवा सौमित्रकडे बघत होते. त्याला शिकवायला लागल्यापासून इतक्या आनंदाने त्यांनी त्याच्याकडे कधी पाहिलं नसेल.

"अक्का," ते हलकेच म्हणाले, "आत्ता कुठे वाचायला लागलाय तो."